मधला स्पीकर

बाबा गेले तेव्हा त्यांचा कंप्युटर टेबलावर उघडा पडला होता. त्यात नवल काहीच नव्हतं. तो कायमच उघडा असायचा. त्याचं बाजूचं पत्र्याचं झाकण जागेवर बसलेलं मी शेवटचं कधी पाहिलं, ते आठवत नाही. "उद्या परत उघडायचंच आहे, मग लावायचं कशाला?" हे बाबांचं उत्तर. त्यावर आईचं ठरलेलं वाक्य: "या घरात दोन पोटं कायम उघडी. एक यांच्या मशीनचं आणि एक यांचं." कारण घरात असताना बाबा शर्टाची बटणं लावत नसत.

या वेळी मशीनशेजारी आईच्या चांगल्या कपांमधली एक बशी होती आणि तिच्यात बारके स्क्रू. बाबांनी सकाळी मशीन उघडलं, दुपारी जेवताना त्यांना कसंतरी व्हायला लागलं, आणि दिवेलागणीच्या आत सगळं संपलं होतं. नंतर घरात माणसं आली, गेली, खुर्च्या इकडच्या तिकडे झाल्या, पण त्या बशीला कुणी हात लावला नाही. मी एकदा उचलायला गेले तर आई म्हणाली, "असू दे. स्क्रू हरवतील."

मी मोठी रजा काढून आले होते. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. वडील जाण्याबद्दल इतक्या लोकांनी लिहिलेलं मी वाचलं होतं, त्या पानांवरच्या वेलांट्या आणि उकार इतक्या वेळा सुधारले होते, की वेळ आली तर आपल्याला निदान वाट ओळखीची असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात मला नुसती झोप येत होती. बँकेच्या रांगेत, पेन्शनच्या कार्यालयातल्या बाकावर, बाबांच्या कपड्यांचं कपाट उघडून उभी असताना. भेटायला आलेल्या माणसांसमोर बसलं की जांभई यायची. ती दाबली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि लोक त्याचा योग्य तो अर्थ काढायचे.

सगळं उरकत आलं तेव्हा राहिली ती मागची खोली.

बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. बाजारातले तराजू, पेट्रोल पंपांची मापं, सोनाराचे नाजूक काटे, हे सगळं खरं आहे की खोटं ते बघण्यात त्यांची नोकरी गेली. घरी आले की तीच नजर ते या खोलीवर लावायचे. खिडक्यांना जाड पडदे, भिंतींवर आवाज शोषणारे फोमचे तुकडे, समोर मोठा टीव्ही. त्याच्या दोन्ही अंगांना दोन उंच स्पीकर, पाठीमागे दोन, आणि टीव्हीखाली एक आडवा, म्हणजे मधला. सिनेमातली माणसं बोलतात ती या मधल्या स्पीकरमधून. कोपऱ्यात जमिनीवर एक भला मोठा काळा डबा होता, स्फोट आणि ढगांचा गडगडाट यांच्यासाठी. आई त्याला रेडा म्हणायची. "रेड्याला आवरा, कपाटातली भांडी नाचतायत," असं तिचं स्वयंपाकघरातून यायचं.

खोलीत खुर्च्या दोनच. बाबांची बरोबर मध्यावर. तिचे पाय कुठे यायला हवेत त्याच्या खुणा त्यांनी फरशीवर चिकटपट्टीने केल्या होत्या. आईची डावीकडे, भिंतीला लागून.

संगीत, सिनेमा आणि कंप्युटर या तिन्हींवर बाबांची मतं पक्की होती आणि ती न मागता मिळायची. गाणं ऐकताना दुसरं काही करायचं नाही. गाणं लावून भांडी घासणं म्हणजे पाहुण्याला बोलावून त्याच्याकडे पाठ करून बसणं. सिनेमा एकदा सुरू केला की थांबवायचा नाही, आणि शेवटी सगळी नावं वर सरकून जाईपर्यंत उठायचं नाही. "ज्याने दिवे धरले त्याने उन्हातान्हात धरले असतील. त्याचं नाव वाचायला तुमचं काय जातं?" आणि मशीन अपग्रेड करणं म्हणजे घराला रंग देणं. एक भिंत रंगवली की बाकीच्या मळकट दिसायला लागतात. नवं कार्ड घातलं की वीज कमी पडायची, विजेचा डबा मोठा आणला की तो खोक्यात मावायचा नाही, खोकं बदललं की टेबल पुरायचं नाही. आमच्या जेवणाच्या टेबलाची रवानगी मागच्या खोलीत झाली ती अशी.

हे सगळं ज्याच्याशी बोलता येईल असा त्यांना एकच मित्र होता. या मित्राचं घड्याळांचं दुकान होतं, आता त्यांचा भाचा चालवतो. आम्ही त्यांना स्टिरिओकाका म्हणायचो, कारण माणसाला कान दोन, म्हणून स्पीकरही दोनच हवेत, तिसरा म्हणजे भ्रष्टाचार, असा त्यांचा सिद्धान्त होता. बाबा म्हणायचे, "अरे, कान दोन असले तरी मान फिरते की नाही?" हा वाद दर रविवारी नव्याने व्हायचा. चहा गार व्हायचा, तो आई पुन्हा गरम करायची, तो पुन्हा गार व्हायचा.

"काकांना सांग सगळं घेऊन जायला," आई मला म्हणाली. "तारा, डबे, सगळं. मला काय करायचंय? फक्त त्याआधी तो उरलेला सिनेमा मला बघायचाय."

"कुठला उरलेला?"

"यांनी अर्ध्यात थांबवला तो."

बाबांनी सिनेमा थांबवला, हे ऐकूनच मी तिच्याकडे बघत राहिले.

"चित्र अडकायला लागलं होतं," आई म्हणाली. "सारखं थांबायचं, पुढे जायचं. वैतागले. म्हणाले, उद्या सकाळी मशीनचं काय ते बघतो, मग उरलेला बघू. म्हणून तर सकाळी उघडून बसले होते." मग म्हणाली, "एका पोरीवर खटला चाललेला असतो. गोदामाला आग लावली म्हणून. तिने लावली की नाही तेवढंच मला कळायला हवंय."

रोज रात्रीच्या जेवणानंतर ती दोघं त्या खोलीत बसत, हे मला माहीत होतं. आईला सिनेमाची खास आवड आहे असं मात्र मी कधी समजले नव्हते. पण बाबा गेल्यापासून तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. भूक आहे का, झोप झाली का, डॉक्टरकडे जायचं का, सगळ्याला तिचं उत्तर "बघू" असंच होतं.

रविवारी सकाळी काका आले. आई भाजी आणायला बाहेर पडत होती. दारातच दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. काका खोलीच्या उंबऱ्याशी थबकले, आणि मग बाबांच्या जागेवर न बसता स्टूल ओढून मशीनसमोर बसले.

"काय घालत होता बघू," म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. बाबांनी आणलेली नवी मेमरी आणि नवी डिस्क वेष्टनात तशीच होती. "हं. अक्कल होती. जुन्या डिस्कनेच दम तोडला असणार." मग त्यांनी दोन्ही वस्तू आत बसवल्या. बशीतला एकेक स्क्रू उचलून, उजेडात धरून, जागेवर बसवत गेले. मशीन सुरू झालं तेव्हा पंख्यांचा तो ओळखीचा घर्र आवाज आला. काकांनी माझ्याकडे बघितलं. "झाकण लावू का?"

"नको," मी म्हणाले.

"तेच म्हणतो. उगाच आवाज बदलेल त्याचा."

मग ते स्पीकरकडे वळले, आणि गुडघ्यांवर बसल्या बसल्या ओरडले, "अगं, हे काय करून ठेवलंय याने?"

मधला स्पीकर मध्ये नव्हता. टीव्हीखालून काढून तो एका बुटक्या स्टुलावर ठेवलेला होता, चांगला पुढे ओढून, दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीसमोर. आणि तोंड वळवलेलं, आईच्या खुर्चीकडे. मी एवढ्या दिवसांत दहादा खोलीत येऊन गेले असेन. कुणीतरी झाडताना सरकवला असेल, असं मला वाटलं होतं.

"मधला स्पीकर, आणि मध्ये नाही!" काकांनी अँप्लिफायरच्या सेटिंगचा पडदा टीव्हीवर आणला आणि बोटाने एकेक आकडा दाखवायला लागले. "हा बघ, मधला नऊ डेसिबल वर. नऊ! बाकीचे सगळे खाली दाबलेत. वरचे सूर असे चढवलेत की कानात टाचण्या टोचाव्यात. आणि रेडा बघ, रेडा तर खुंट्याला बांधून ठेवलाय." ते टाचांवर मागे टेकले. "कान गेले होते लेकाचे. शेवटी शेवटी गेले असणार. मला बोलला नाही. दर रविवारी माझ्याशी भांडत होता आणि बोलला नाही."

माझ्याही मनात तेच आलं. ज्या माणसाने दुसऱ्या कुणालाही न ऐकू येणाऱ्या घरघरीसाठी एक स्पीकर दुकानदाराला तीनदा परत केला, त्याला म्हातारपणी हे व्हावं. दिवसभर मला त्यांची कीव वाटत राहिली. ती चुकीच्या माणसावर खर्च होत होती, हे नंतर कळलं.

"सरळ करू या," काका म्हणाले. "जायच्या आधी एकदा तरी नीट वाजू दे. त्याच्या मानाला शोभेल असं."

त्यांनी मधला स्पीकर उचलून टीव्हीखाली बरोबर मध्यावर ठेवला. पिशवीतून छोटा मायक्रोफोन काढला, तो दांडीवर लावून बाबांच्या खुर्चीत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर उभा केला. खुर्चीचे पाय चिकटपट्टीच्या खुणांवर आहेत ना, तेही वाकून पाहिलं. मग आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो आणि बंद खोलीत एकेक स्पीकर आळीपाळीने शीळ घालत राहिला. अँप्लिफायर स्वतःच ऐकतो, मोजतो आणि सगळं समतोल करतो. शेवटी त्याने विचारलं, जुनं पुसून नवं ठेवायचं का? काकांनी 'हो' दाबलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं खोलीत जमलो. आई तिच्या खुर्चीत, मी मागे उभी. काकांना मी बाबांच्या खुर्चीत बसवलं. ते नको नको म्हणत बसले. सिनेमा अडकला होता तिथूनच लावला. कोर्टाची खोली होती. इतकं सुंदर काही मी त्या घरात ऐकलं नव्हतं. बाकं सरकल्याचा आवाज आमच्या पाठीमागून आला, वर कुठेतरी पंखा फिरत होता, कुणाच्या तरी हातातला कागद उजव्या बाजूला करकरला. बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला तर जमीन हलली. काका डोळे मिटून नुसती बोटं हलवत होते.

आई मात्र मान वळवत होती. आधी थोडी, मग जास्त, असं करत ती जवळजवळ भिंतीकडे तोंड करून बसली. वकील काहीतरी विचारत होता, मुलगी हळू आवाजात उत्तर देत होती. आईने मांडीवरचा रुमाल उलगडला, घडी केली, पुन्हा उलगडला. मग उठली.

"मला झोप येतेय. तुम्ही बघा दोघं."

"वहिनी, पण शेवट..."

"सांगाल मला उद्या," ती म्हणाली आणि गेली.

काकांनी सिनेमा बंद केला. "तिला नाही सहन होत," ते हळूच म्हणाले. "मी समजू शकतो." मलाही तेच वाटलं. त्या दिवसांत कुठल्याही गोष्टीला एवढंच कारण पुरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नळाखाली कप विसळत होती आणि मी तिच्या डाव्या हाताला उभी राहून पुसत होते. "आई, काल काय झालं?" मी विचारलं. ती विसळत राहिली. "काका वाईट वाटून घेऊन गेले." काहीच नाही. मला वाटलं, बोलायचं नसेल. मी पुसलेले कप घेऊन तिच्या मागून पलीकडे फळीशी गेले, तर ती म्हणाली, "केव्हाची गप्प उभी आहेस! बोल की काहीतरी. सकाळी सकाळी तोंड शिवल्यासारखी."

मी हातातला कप फळीवर ठेवला.

"आई, मी बोलत होते."

तिने नळ बंद केला. हात पुसले, नीट, बोटांच्या मधेसुद्धा.

"डावीकडून बोलली असशील," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तो कान गेलाय. आधी शिट्टी वाजायची त्यात, मग शिट्टीपण बंद झाली."

"कधीपासून?"

"झाली काही वर्षं. उजव्यानेही माणसाचं बोलणं आणि बाकीचा गोंधळ वेगळा काढायला त्रासच होतो. हे घेऊन गेले होते डॉक्टरकडे. कानातलं मशीन दिलंय, ते आहे ड्रॉवरमध्ये. लावलं की कुणीतरी सारखं ताटं आपटतंय असं वाटतं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तुला सांगितलं असतं तर तू फोनवर ओरडून बोलली असतीस. बहिऱ्या म्हातारीशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून. मला तुझा आवाज आहे तसा बरा वाटतो."

मला एकदम रस्ता आठवला. बाबा आईबरोबर चालताना मधेच थांबायचे, तिला वळसा घालून दुसऱ्या बाजूला यायचे. वाहनांच्या बाजूला आलं तरी चालेल, पण तिच्या उजवीकडेच. माझी समजूत अशी की या माणसाला धड एका जागी चालताही येत नाही. मी त्यांना तसं बोललेही होते, आणि ते हसले होते.

"मग सिनेमा कसा ऐकू यायचा तुला?"

"यांच्या खोलीत यायचा." आई खुर्चीवर बसली. "बाहेरच्या टीव्हीवर नाही, तिथे नुसती बडबड. आवाज वाढवला की डोकं उठतं. कानाला लावायचे ते पट्टे आणून दिले होते, तर मी म्हटलं, डोक्याला पट्टा बांधून बसायला मी काय विमान चालवतेय? मग यांनी खोलीत काहीतरी केलं. काय केलं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. रोज लावायच्या आधी म्हणायचे, 'येतंय का?' मी म्हणायचे, 'येतंय.' एवढंच." ती ओट्याच्या कडेवरचा पाण्याचा थेंब बोटाने लांबवत राहिली. "काल नाही आलं. नुसता कल्ला. म्हटलं, ते गेले, तर त्यांच्याबरोबर तेही गेलं असणार. उठले."

मी काकांना फोन केला आणि सगळं सांगितलं. 

"मी पुसलं ना गं ते," काका म्हणाले.

"जुनं कुठे ठेवलेलं असेल का?"

"तो सिनेमांच्या दोन-दोन प्रती ठेवायचा. या आकड्यांची कशाला ठेवेल? आणि मी तरी कशाला ठेवू? चुकीचं होतं ना ते." मग म्हणाले, "येतो."

ते आले तेव्हा मायक्रोफोन आणला नव्हता. आईला तिच्या खुर्चीत बसवलं. मी बुटकं स्टूल शोधून आणलं. फरशीवर ते जिथे असायचं तिथे धुळीत चार गोल जागा स्वच्छ राहिल्या होत्या, त्यामुळे निदान जागा तरी सापडली. स्पीकर त्यावर ठेवून मी त्याचं तोंड आईकडे वळवलं. आकड्यांपैकी काकांना नऊ तेवढा आठवत होता. बाकीचं अंदाजाने.

कोर्टातला एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा, आणि आई सांगेल तसं काकांनी बदलायचं, असं चाललं.

"तो वकील तोंडात सुपारी धरून बोलतोय," आई म्हणाली.

काकांनी वरचे सूर चढवले. "आता?"

"आता सुपारी थुंकली. पण मागे कुणीतरी सारखं घूं घूं करतंय."

"वहिनी, तो पंखा आहे. खोलीतला पंखा. त्या दिग्दर्शकाने मुद्दाम..."

"मला पंखा नकोय ऐकायला. पंखा आपल्या घरात आहे."

मागचे स्पीकर गेले. मग बाजूचे दबले. प्रत्येक आकडा खाली आणताना काकांचा चेहरा दात काढून घेतल्यासारखा होत होता.

"रेडा अजून कमी करा."

"वहिनी, अजून कमी केला तर उरेल काय?"

"माणसं काय बोलतात ते उरेल."

काकांनी केला कमी. मग रिमोट मांडीवर ठेवून म्हणाले, "जन्मभर याने लोकांचे काटे तपासले. एका ग्रॅमसाठी दुकानदारांना घाम फोडला. आणि स्वतःच्या घरात बसून राजरोस काटा मारत होता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि मी त्याला वर, मेल्यावर, बहिरा म्हणालो."

"ते नसते का बहिरे झाले?" आई म्हणाली. "तुमच्याशी भांडून भांडून झालेच असते. आणि भाऊजी, तुमचंच म्हणणं ना, कान दोन म्हणून स्पीकर दोन? मला तर एकच कान. मला एकच पुरे."

काका हसले. मग जरा वेळाने म्हणाले, "एक विचारू? यापेक्षा तुम्हाला मधल्या खुर्चीत बसवलं असतं तर अर्धं काम झालं असतं. का नाही बसवलं?"

"मग हे माझ्यासाठी काय करतायत ते मला कळलं असतं ना," आई म्हणाली.

"तुम्हाला कळलं होतंच."

"पण ते यांना कुठे माहीत होतं?"

 काकांनी तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला. मला त्या आकड्यांतलं काही कळत नव्हतं, म्हणून मी आईकडे बघत होते. मुलगी बोलायला लागली तशी आईची मान, जी इतका वेळ तिरकी होती, हळूहळू सरळ झाली. रुमाल मांडीवर तसाच राहिला.

"येतंय का?" मी विचारलं. विचारल्यावर माझं मलाच कळलं.

"येतंय," आई म्हणाली. "आता कुणी मधे बोलू नका."

काका स्टुलावर सरकून बसले. उरली ती बाबांची खुर्ची, म्हणून मी तिच्यात बसले. मी त्या खुर्चीत कधीच बसले नव्हते. लहानपणी तिला नुसता धक्का लागला तरी ती खुणांवरून हलायची आणि ओरडा बसायचा.

तिथून ऐकू येत होतं ते भयंकर होतं. सगळे आवाज एका बाजूला कलंडले होते. माणसं पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलत होती, प्रत्येक 'स' दातांतून सुटल्यासारखा टोचत होता. मागे काही नव्हतं, खाली काही नव्हतं. ट्रक गेला तो खेळण्यातला. कालची ती भरलेली, श्वास घेणारी खोली कुठेच नव्हती. आणि इथे, चिकटपट्टीच्या चार खुणांच्या मध्ये, या घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी, ते रोज संध्याकाळी बसले होते. सगळे पडदे, सगळा फोम, सगळी नवी मशीनं आणि पुन्हा नवी मशीनं यांच्या मधोमध. सिनेमा संपला की 'वा' म्हणायचे, हे मला आईकडूनच माहीत होतं. ती फोनवर त्यांची नक्कल करायची.

मी हातांवर हात ठेवून बसून राहिले. झोप आली नाही. किती तरी दिवसांनी जागी असल्यासारखं वाटत होतं आणि ते काही सुखाचं नव्हतं. थकव्याने एवढे दिवस बरंच काही अंगावर येऊ दिलं नव्हतं.

"लावली तिने," आई म्हणाली.

"काय?"

"आग. तिनेच लावली. आता म्हणाली की, ऐकलं नाहीस? लक्ष कुठाय तुझं?"

पडद्यावर मुलगी खाली बसली होती आणि कोर्ट उठत होतं. मी ते वाक्य ऐकलंच नव्हतं. काकांनीही नसावं, ते छताकडे बघत होते.

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली. "यांना वाटत होतं नाही लावली. पैज लावायला हवी होती." मग माझ्याकडे वळून, "तिथून कसं येतं गं ऐकू?"

"छान," मी म्हणाले.

"हं," आई म्हणाली. "तेही छानच म्हणायचे."

नावं वर सरकायला लागली. काकांनी उगाच पिशवीची चेन लावली-उघडली.

"भाऊजी, नेता का मग हे सगळं?" आईने विचारलं. "का राहू देता?"

"राहू देतो, वहिनी. हे असलं वाजणारं घेऊन मी काय करू?"

"रेडा न्या हवा तर. इथे बांधूनच ठेवायचाय."

"नको. माझ्याकडे तिसऱ्याला जागा नाही."

खोलीत काळोख झाला होता. मी दिव्याच्या बटणाकडे हात केला.

"थांब," आई म्हणाली. "नावं व्हायचीत अजून."